दहावी पास बाई काय बीपी बघणार?

बऱ्याच दिवसांत ब्लॉगकडे फिरकले नाही. लिहायला निमित्त झालं ते घरच्याच भांडणाचं. हे वाचणाऱ्यांत निम्मे आमचेच नातेवाईक असतात, त्यांना ते भांडण माहीत आहे, काहींनी त्यात तेलही ओतलं आहे. बाकीच्या ब्लॉगर मंडळींसाठी पहिल्यापासून सांगते.

डिसेंबर म्हणजे नागपुरात अधिवेशन आणि अधिवेशन म्हणजे मोर्चे. यशवंत स्टेडियमवरून निघायचं आणि टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटला पोलिसांनी अडवायचं, हा वर्षानुवर्षांचा रिवाज. अशाच एका दुपारी मी बँकेतून निघाले आणि झिरो माइलच्या अलीकडे ऑटोत अडकले. पुढे आशा स्वयंसेविकांचा मोर्चा. कडेवर पोरं, हातात डब्याच्या पिशव्या, उन्हानं तोंडं लाल झालेली. ऑटोवाला म्हणाला, "या बायांले काई काम नाई का वो ताई?" मी काही बोलले नाही. पण घरी येऊन ग्रुपवर टाकलं, की आज मोर्चात अडकले, आणि मला वाटतं या बायकांना पगार तर द्यावाच, वर प्रत्येकीच्या हातात बीपीचं मशीन आणि गोळ्यांची पट्टीही द्यावी.

झालं! आमचे डॉक्टर दादा (चुलत भाऊ, नागपुरात प्रॅक्टिस आहे, हेही वाचतीलच) यांनी लगेच लिहिलं, "दहावी पास बाई काय बीपी बघणार? उद्या ऑपरेशनही करायला सांगशील." खाली सात अंगठे आणि चार हसरे चेहरे. ग्रुपवर मी जास्त वाढवलं नाही. एक तर मोठ्यांशी वाद घालायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि दुसरं म्हणजे मोबाईलवर टाइप करून हा वाद होणारही नाही. म्हणून इथे.

आधी आत्याचं सांगते, कारण ज्यांनी अंगठे दिले त्यांना आत्या आठवली नसावी.

आमचं गाव उमरेडच्या पलीकडे. नाव लिहीत नाही, कारण मला कुण्या एका दवाखान्याची तक्रार करायची नाही. आत्या साठीच्या आसपासची. शेतात काम, आणि मिरचीच्या दिवसांत सातऱ्यावर देठ खुडायला. गावात एकदा शिबिर झालं, त्यात तिचं बीपी निघालं १८० वर. डॉक्टरांनी महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि पुढच्या महिन्यात आरोग्य केंद्रात या म्हणून सांगितलं. ती गेली. गोळ्या मिळाल्या. तिसऱ्या महिन्यात गेली तेव्हा गोळ्या संपलेल्या होत्या, पुढच्या आठवड्यात या म्हणाले. त्या एका फेरीत दिवसाची मजुरी बुडाली आणि येण्याजाण्याचे पैसे गेले ते वेगळेच. पुढच्या आठवड्यात ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मी फोनवर विचारलं तर म्हणे, "मले काय धाड भरली? डोकं दुखत नाई, चक्कर येत नाई. मंग कायले गोळ्या खाऊ?"

आणि तिचं काही चुकत होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. ताप आला की अंग तापतं, दात किडला की ठणकतो. बीपी दुखतच नाही. आपल्या भाषेत 'माझं बीपी वाढवू नकोस' म्हणजे मला राग आणू नकोस! शब्द घरोघरी पोचला, रोग काही पोचला नाही. ज्या आजाराचं काहीच जाणवत नाही त्यासाठी मजुरी बुडवून, उन्हात उभं राहून, आयुष्यभर दर महिन्याला गोळ्या आणायच्या, हे शहाण्या माणसालाही पटायला कठीण आहे.

आठ-नऊ महिन्यांनी एका सकाळी आत्याचं तोंड वाकडं झालं आणि हातातला तांब्या पडला. लकवा. आधी शेजारच्या गावात लकव्याचं औषध देणाऱ्याकडे नेलं. दुपारी नागपूरला आणलं. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच द्यावं लागतं, ही वेळ केव्हाच निघून गेली होती. आत्या वाचली. उजवा हात गेला. बोललेलं निम्मं कळतं. जी बाई दिवसभर मिरच्या खुडायची ती आता सुनेनं घास भरवेपर्यंत वाट बघत बसते, आणि सून तिच्यासाठी घरी राहते म्हणून सुनेचीही मजुरी गेली.

आता मुद्द्याची गोष्ट. आत्याच्या घरापासून चार घरं पलीकडे गावची आशाताई राहते. त्या आठ-नऊ महिन्यांत ती आत्याच्या दारात कितीदा आली असेल? नातवाच्या लसीकरणासाठी आली. सुनेच्या बाळंतपणानंतर बाळाचं वजन करायला, ताप बघायला आली. कुणाला क्षयाच्या गोळ्या चालू होत्या त्यांच्याकडे जाता-येता थांबली. ओसरीवर बसून चहा प्यायली. तिच्याकडे सगळं होतं. गावाची ओळख होती, आत्याचा विश्वास होता, रोजचा रस्ता होता. फक्त पिशवीत बीपीचं मशीन नव्हतं आणि आत्याच्या नावाची गोळ्यांची पट्टी नव्हती.

या एवढ्याशा 'नव्हतं' वर माझा सगळा राग आहे.

आता दादांच्या प्रश्नाकडे येते. दहावी पास बाई काय बीपी बघणार?

दादा, माझं बीपी गेली पाच वर्षं कोण बघतंय माहीत आहे? तुमचे भाऊजी. ते सिव्हिल इंजिनियर आहेत आणि जीवशास्त्रात दहावीला काठावर पास झाले होते असं सासूबाई सांगतात. दंडाला पट्टा बांधतात, बटण दाबतात, आकडा वहीत लिहितात. ती वही बघून तुम्हीच माझी गोळी ठरवली होती. तेव्हा तुम्ही त्यांची डिग्री विचारली नाही. आणि माझ्या गोळ्या घरी कोण आणून देतं? कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याचा पोरगा. मी फोन करते, तो सायकलवर येतो, पट्टी देतो, पैसे घेतो. त्याच्या शिक्षणाची काळजी आजवर कुणाला वाटलेली नाही. म्हणजे धरमपेठेत बीपी नवऱ्यानं बघायचं आणि गोळ्या पोरानं आणून द्यायच्या, ती 'सोय'. आणि तेच काम उमरेडच्या पलीकडे शिकवून तयार केलेल्या बाईनं केलं की तो 'धोका'. हे कसं काय?

शिवाय 'दहावी पास' ही शिवी असल्यासारखी वापरू नका. अट आठवी-दहावीची असली तरी बारावी झालेल्या, बीए झालेल्या कितीतरी आशा आहेत. आणि ही दहावी पास बाई आज काय काय करते ते बघा. क्षयाच्या रुग्णाला सहा-सहा महिने गोळ्या देते, आणि त्या गोळ्या बीपीच्या गोळीपेक्षा कितीतरी जास्त त्रास देणाऱ्या असतात. मलेरियासाठी बोटातून रक्त घेऊन जागेवर तपासणी करते. दोन दिवसांच्या बाळाचं तापमान बघते आणि ते दूध ओढत नसेल तर दवाखान्यात पाठवते. हे सगळं तिला जमतं असं सरकार म्हणतं, डॉक्टरही म्हणतात. मग बटण दाबून आकडा वाचणंच तेवढं जमणार नाही?

हा प्रश्न नवा नाही हो. आपल्याच विदर्भात तो एकदा विचारून झाला आहे आणि त्याचं उत्तरही मिळालं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' नं गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं. त्यात जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला इंजेक्शन देणंही होतं. गावातली बाई आणि इंजेक्शन! तेव्हाही भुवया वर गेल्याच. १९९९ साली 'लॅन्सेट' मध्ये निकाल छापून आला. ज्या ३९ गावांत हे काम झालं तिथे नवजात बाळांचे मृत्यू, तुलनेच्या गावांपेक्षा, तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. पुढे देशभरातल्या आशांना बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ बघायचं काम मिळालं ते याच वाटेनं. त्याच्याही आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना हाताशी धरून गावांचं आरोग्य बदलून दाखवलं होतं. त्यांना १९७९ चा मॅगसेसे मिळाला. आपण टाळ्या वाजवल्या, आणि बायांवर भरवसा ठेवायचं मात्र दरवेळी नव्यानं नाकारलं.

त्याच 'सर्च' नं गडचिरोलीतला आणखी एक आकडा बाहेर आणला, जो मला झोपू देत नाही. डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८६ गावांतल्या, ९४ हजारांवर वस्तीतल्या मृत्यूंचा दोन वर्षं हिशेब ठेवला. १,५९९ मृत्यू झाले, त्यातले २२९ पक्षाघातानं. म्हणजे दर सातांमागे एक. मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण मलेरिया नव्हे, साप नव्हे, नक्षलवाद नव्हे... लकवा! २०१५ साली हे प्रसिद्ध झालं. आणि लकव्यानं गेलेल्या शंभरातले सत्त्याऐंशी घरीच गेले, दवाखान्यात नव्हे. रोग घरात आणि आपण वाट बघतोय दवाखान्यात!

बरं, उपाय काही महागडा, परदेशी आहे का? नाही. उपाय आत्याच्या हातात दोन महिने होताच. अॅम्लोडिपिन नावाची गोळी, जी सरकारी खरेदीत काही पैशांना पडते. तिनं भागलं नाही तर दुसरी एखादी जोडायची. कोणती, केव्हा, किती, हे ठरलेलं, छापलेलं आहे. भारत सरकार, आयसीएमआर, जागतिक आरोग्य संघटना आणि राज्यं यांनी मिळून २०१७ च्या शेवटी उच्च रक्तदाब नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला, तेव्हा महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. म्हणजे नागपूरच्या दोन बाजूंचे दोन! कल्पना अगदी साधी होती. सगळीकडे गोळ्यांची एकच ठरलेली पद्धत. गोळ्या कधीच संपू द्यायच्या नाहीत. डॉक्टरांनी सगळं स्वतःकडे न ठेवता नर्सताई आणि इतरांमध्ये काम वाटायचं. गोळ्या घराच्या जवळात जवळ द्यायच्या. आणि कोण आलं, कोण आलं नाही, याची नोंद ठेवायची. पुढे हा कार्यक्रम शंभराहून जास्त जिल्ह्यांत गेला. २०२२ मध्ये त्याला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला, तेव्हा उपचार घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांचं बीपी आटोक्यात होतं. निम्मे म्हणजे कमी वाटेल, पण जगभरात बीपी असलेल्या पाचांतल्या साधारण एकाचंच आटोक्यात असतं, हे लक्षात घ्या.

आणि लॉकडाऊन आठवतंय का? २०२० मध्ये दवाखाने ओस पडले, बस बंद झाल्या, तेव्हा याच कार्यक्रमात ठिकठिकाणी गोळ्या उपकेंद्रांतून आणि गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांकडून लोकांच्या घरी पोचवल्या गेल्या. आभाळ कोसळलं का? नाही. म्हणजे अडचणीत होतं ते एरवीही होऊ शकतं. आपल्याला सोयीचं असतं तेव्हा आशाताईची पात्रता वाढते आणि संकट टळलं की ती पुन्हा दहावी पास होते!

आता सध्याची सरकारी पद्धत बघा. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म आशानं भरायचा. वय काय, तंबाखू खाता का, कंबर किती, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. एका फॉर्ममागे तिला १० रुपये. बीपी मात्र उपकेंद्रात नर्सताई किंवा समुदाय आरोग्य अधिकारी बघणार. उपकेंद्र बहुतेकदा दुसऱ्या गावात, पाच हजार वस्तीमागे एक. म्हणजे घरात आलेल्या बाईनं कंबर मोजायची, तंबाखूची चौकशी करायची, आणि ज्या कारणासाठी हे सगळं चाललंय तो आकडाच तेवढा न बघता पुढच्या घरी जायचं! कुठे एखाद्या उत्साही अधिकाऱ्यानं तिला मशीन दिलं असेल तर देव त्याचं भलं करो, पण आमच्या गावात तेव्हा काही दिलेलं नव्हतं.

मी काही ऑपरेशन करायला सांगत नाहीये. माझं म्हणणं एवढंच आहे. रोग आहे की नाही ते डॉक्टरांनी ठरवावं, गोळी डॉक्टरांनी लिहावी. त्यानंतर दर महिन्याला आशाताईनं घरी जाऊन पाच मिनिटं शांत बसवावं, दोनदा बीपी बघावं, वहीत लिहावं, पुढच्या महिन्याची पट्टी द्यावी, मागच्या पट्टीत किती गोळ्या उरल्यात ते बघावं. अॅम्लोडिपिननं काहींचे पाय सुजतात आणि लोक कुणाला न सांगता गोळी सोडतात, ते तिनं विचारावं. आकडा ठरलेल्या रेषेवर गेला, पाय सुजले, छातीत दुखलं, तर डॉक्टरांकडे पाठवावं. आणि तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळली तर लकव्याच्या औषधवाल्याकडे नव्हे, थेट १०८ ला फोन. आमच्या आत्याच्या घरी त्या सकाळी हे सांगणारी एकच बाई असू शकली असती, चार घरं पलीकडची. तिला कुणी ते शिकवलंच नव्हतं.

असं केल्यानं खरंच फरक पडतो का, हेही तपासून झालं आहे. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंका, म्हणजे आपल्यासारखेच गरीब आणि आपल्यासारखेच खारट खाणारे देश. तिथल्या ३० ग्रामीण वस्त्यांत २,६४५ लोकांवर दोन वर्षं अभ्यास झाला. काही ठिकाणी सरकारी आरोग्य कार्यकर्त्या घरी जाऊन बीपी बघायच्या, समजावून सांगायच्या, डॉक्टरांकडे पाठवायच्या, तर बाकी ठिकाणी नेहमीचंच चालू. २०२० साली निकाल आला. घरी जाणाऱ्या कार्यकर्त्यांच्या गावांत वरचं बीपी सरासरी पाचांनी जास्त उतरलं. पाच म्हणजे फार वाटत नाही, पण वरचं बीपी पाचांनी उतरलं तरी हार्ट अटॅक आणि लकव्यासारखी संकटं साधारण दहा टक्क्यांनी टळतात. हे एका माणसाला जाणवणार नाही. पण गावोगावी मोजलं तर कितीतरी आत्या स्वतःच्या हातानं जेवतील.

आणि हे फक्त गरीब देशांचं आहे असंही नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला कृष्णवर्णीय पुरुष डॉक्टरांकडे जात नाहीत म्हणून औषधं देणारे फार्मासिस्टच त्यांच्या न्हाव्याच्या दुकानात गेले. ५२ दुकानं, ३१९ माणसं. सहा महिन्यांत वरचं बीपी २७ नी उतरलं. जिथे फक्त न्हाव्यानं डॉक्टरकडे जा म्हणून समजावलं तिथे नऊनी. २०१८ ची गोष्ट. मला यातून आपल्याकडचे पानठेले आठवतात. आशाताई दुपारी घरी जाते तेव्हा बाप्ये भेटत नाहीत, ते खर्रा घोटत पानठेल्यावर बसलेले असतात. उद्या मशीन घेऊन तिथेही जावं लागेल, आणि तिथे कदाचित पुरुष कार्यकर्ता लागेल. पण ते पुढचं.

आता प्रामाणिकपणे दुसऱ्या बाजूचं बोलते, नाहीतर दादा म्हणतील एकच बाजू मांडली.

एक आक्षेप खरा आहे. चालत आलेल्या माणसाचं लगेच बीपी बघितलं, पट्टा सैल बांधला, मशीन बिघडलेलं असलं, तर आकडा चुकतो. मान्य. म्हणून शिकवा, दर वर्षी पुन्हा शिकवा, मशीन तपासून घ्या. पण ही चूक फक्त दहावी पास बाईच करते असं कुणी सांगू नये. गर्दीच्या दवाखान्यात रांगेत उभ्या उभ्या, पातळाच्या बाहीवरून बीपी बघताना मीच पाहिलं आहे.

दुसरा आक्षेप त्याहून खरा आहे, आणि तो डॉक्टरांचा नाही, आशांचाच आहे. त्या म्हणतात, आणखी एक काम? आधीच रजिस्टरं, सर्व्हे, ऑनलाइन नोंदी. आमचे मोबदले महिनोन्महिने येत नाहीत. इथे मला सरकारशीही भांडायचं आहे आणि माझ्यासारख्या कौतुक करणाऱ्यांशीही. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना जागतिक पुरस्कार दिला. सगळ्यांनी फोटो टाकले, मीही टाकला. जानेवारी २०२४ मध्ये याच महाराष्ट्रातल्या आशा कबूल केलेल्या वाढीसाठी संपावर गेल्या, थंडीत मुंबईला आझाद मैदानात बसल्या, तेव्हा मार्चमध्ये ५,००० रुपयांची वाढ मंजूर झाली. पुरस्कार मागावा लागला नाही, पैसे मागावे लागले.

नावातच गोम आहे. 'स्वयंसेविका'. स्वयंसेविकेला पगार नसतो, मानधन असतं. मानधनाला महागाई भत्ता नसतो. हाही खेळ जुना. २ ऑक्टोबर १९७७ ला देशात गावोगावी आरोग्य कार्यकर्ता नेमायची योजना निघाली, महिना ५० रुपये. डॉक्टरांच्या संघटनांनी तेव्हाही अर्धवट डॉक्टर म्हणून नाकं मुरडली. तीन-चार वर्षांत 'कार्यकर्ता' चा 'स्वयंसेवक' झाला, मग 'मार्गदर्शक' झाला. नाव मोठं होत गेलं, योजना वाळत गेली. आता २००५ पासून आशा आहेत. पुन्हा तेच करायचं आहे का?

म्हणून मी म्हणते की मशीन द्या, पण मशीनबरोबर पगार द्या, आणि चार रजिस्टरं काढून घ्या. गोळ्या संपणार नाहीत याची हमी द्या. कारण रिकामी पिशवी घेऊन दारात उभं राहिल्यावर गावकऱ्यांची बोलणी तिलाच खावी लागतात, जिल्ह्याच्या गोदामाला नाही. हे देणार नसाल तर कृपा करून तिच्यावर कामही टाकू नका.

तिसरा आक्षेप माझ्या लेकीनं घेतला, आणि तो मला सगळ्यात टोचला. ती म्हणाली, "आई, म्हणजे शहराला डॉक्टर आणि गावाला आशा, असंच ना?" मी दोन दिवस विचार केला. नाही, असं नाही. डॉक्टर गावालाही हवेतच. पण दोनशे जणांचं बीपी बघण्यात आणि त्याच त्या गोळ्या लिहिण्यात डॉक्टरची सकाळ गेली तर ज्याला खरोखर डॉक्टर हवाय त्याच्या वाट्याला दीड मिनिट येतं. आशाताईनं तिचं काम केलं तर डॉक्टरला डॉक्टरचं काम करता येईल. आणि शहरातही बीपी काही डॉक्टर आटोक्यात ठेवत नाही हो, आमच्यासारख्यांचे नवरे आणि मेडिकलवाल्यांची पोरं ठेवतात. गावाला मी तेवढंच मागतेय, फक्त जास्त शिकवलेलं आणि पगार दिलेलं.

दादा, तुमच्याबद्दल एक लिहिलंच पाहिजे. आत्या ॲडमिट होती तेव्हा तीन रात्री तुम्ही तिच्या उशाशी बसून होतात. पहाटे मला म्हणालात, "हे टाळता आलं असतं गं, महिन्याला एक पट्टी..." तुम्हाला आठवत असेल. ती पट्टी कुणी न्यायची होती, एवढंच मला विचारायचं आहे. तुम्ही नेली नसती. मीही नेली नाही, दर महिन्याला गावी जाणं मला जमलं नाही. नेऊ शकणारी चार घरं पलीकडे होती.

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा माझं जुनं मशीन आशाताईला दिलं. तिनं घेतलं, पण म्हणाली, "ताई, मी बीपी पायीन, पण वाढलेला निंगाला तं त्यायले देऊ काय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेच उत्तर सरकारकडे मागायला ती झिरो माइलला येते आणि आपण हॉर्न वाजवतो.

तेव्हा नातेवाईक मंडळी, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा दोन गोष्टी करा. घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची पट्टी मागून बघा, किती उरल्यात ते मोजा. आणि आशाताईला "काय, डॉक्टर झाली का?" असं चिडवू नका. बरंच लिहिलं. दादा, उत्तर ग्रुपवर नको, इथे खाली द्या. आणि आत्या तुमची वाट बघते आहे, तिला तुमचं नाव आता नीट घेता येतं.